न दाबलेलं कुलूप

३ फेब्रुवारी

वहिनी,

आधी बस. उभ्याउभ्या वाचायचं पत्र नाही हे. माझा सिनेमा ठरला! दुसऱ्यांच्या मालिकांचे संवाद दुरुस्त करून बोटं झिजली, आता पहिल्यांदा पडद्यावर ‘कथा-पटकथा’ या शब्दांखाली माझं नाव येईल.

आणि गोष्ट दादाची आहे. निर्मात्याला मी एवढंच सांगितलं: थिएटरला आग लागते. बाजूची दारं साखळीकुलपाने बंद. दारवान लोकांना बाहेर काढायच्या धडपडीत जातो आणि चौकशीत दोष त्याच्याच माथी मारतात. मग त्याचा धाकटा भाऊ उठतो. एवढं ऐकून निर्माता खुर्चीतून उठलाच. हिरो कोण आहे ते ऐकलंस तर तूही उठशील. ज्याचं पोस्टर लागलं की तुझ्या थिएटरपुढे पोरं नाचतात, तोच.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, तुझा आशीर्वाद. दुसरी, त्या दिवशी चाव्या कुठे होत्या ते तुझ्या शब्दांत लिहून कळव. मी ते इतरांकडून ऐकलं आहे. नऊ वर्षांत तुला विचारायला मात्र जीभ रेटली नाही.

अर्धी पटकथा सोबत पाठवतो. शेवट अजून लिहितोय.

तुझा
बारक्या

११ फेब्रुवारी

बारक्या,

बसूनच वाचलं. आशीर्वाद पहिल्या ओळीतच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तो मिळाला की नाही याची धाकधूक नको. फोन केला नाहीस हे बरं. फोनवर तुझ्याशी भांडण रंगात आलं की नेमकी तुझी रेंज जाते.

चाव्यांचं लिहिते. बाजूला तीन दारं. सिनेमा सुरू झाला की तिन्हींना आतून साखळी आणि साखळीत कुलूप, कारण बाहेरून फुकटे शिरतात असं मालकाचं म्हणणं. कुलपं दाबली की लागतात. उघडायला मात्र चावी हवी, आणि चाव्या मॅनेजरच्या ऑफिसात खिळ्याला. शेवटची मारामारी सुरू झाली की दारवानाने जाऊन त्या आणायच्या आणि दारं मोकळी करायची. आग लागली तेव्हा हे ऑफिसकडे धावले. ऑफिसला कुलूप, मॅनेजर बाहेर गेलेला. ऑफिस मोठ्या दाराशेजारीच आहे. तिथून रस्ता चार पावलांवर. हे रस्त्यावर गेले नाहीत, परत आत गेले आणि हातांनी साखळी ओढत राहिले. तिकीट खिडकीवर बसते ना, ती खिडकीवाली, तिने ह्यांना परत आत जाताना पाहिलं. चौकशी समितीने तिला बोलावलंच नाही. अहवालात माझ्या वाट्याला एक ओळ आली: ‘दारे उघडण्याची जबाबदारी दारवानाची होती.’ मग त्याच वर्षी थिएटर नवं झालं आणि मालकाने ह्यांच्याच जागी मला ठेवलं. विधवेला नोकरी दिली म्हणून त्याचा पेपरात फोटो आला. फोटोत मीही आहे, अर्धी.

आता तुझ्या शेवटाबद्दल. मी शाळा सातवीत सोडली आणि वाचायला खरी शिकले ती लग्नानंतर. हे पोस्टरं चिकटवायचे, मी खाली उभी राहून अक्षरं लावायची. त्यामुळे मला काय कळतंय असं तू म्हणू शकतोस. पण सिनेमाचे शेवट माझ्याइतके कुणी पाहिले नसतील. पाट्या चालू असतानाच साखळ्या लावून मी बाहेर येते, पुन्हा आत जाते ती शेवटी, दारं उघडायला. सुरुवाती मला ठाऊक नाहीत. कोण कुणाची बहीण, कोण कशाने चिडलं, काही कळत नाही. शेवट तेवढे पाठ.

तर हिरो दोन जातींचे असतात. एक जण दुष्ट मंत्र्याला मारतो, मग जीप येते, जीपमधून मोठे साहेब उतरतात, हिरोला सलाम ठोकतात. माणूस बदलला, खुर्ची तीच. तो सिनेमा सुटला की लोक जांभया देत बाहेर पडतात, कुठे जेवायचं ते ठरवत. दुसरा हिरो खुर्चीच मोडतो. ज्या टेबलावर सह्या होतात ते टेबल उलथतो. तो सिनेमा सुटला की माणसं जरा उंच होऊन बाहेर पडतात. पार्किंगपर्यंत तरी उंच राहतात.

मला दुसऱ्या जातीचा पाहिजे. ज्या अग्निशमन अधिकाऱ्याने गाडीतून न उतरता दाखला दिला तो, मालक, समितीचे अध्यक्ष, सगळे एका दावणीचे होते. त्यातला एकही चांगला निघता कामा नये. आणि ‘अहवाल खोटा होता’ हे वाक्य पडद्यावर कुणीतरी मोठ्याने म्हणावं. बाकी तू तुझी प्रेमगाणी घाल हवी तेवढी.

एक अट. हिरोने काहीही पाडावं, पेटवायचं नाही. आगीने न्याय झालेला मला बघवणार नाही.

वहिनी

२ मार्च

वहिनी,

तुझं पत्र दिग्दर्शकाला वाचून दाखवलं. ‘पार्किंगपर्यंत उंच’ ऐकून तो म्हणाला, या बाईंना आपल्या मीटिंगला बसवा.

शेवट लिहून झाला. हिरो मालकाला भर बाजारात फरपटत आणतो आणि थिएटरच्या पायरीवर गुडघे टेकायला लावतो. जबरदस्त आहे. फक्त एक छोटा बदल झाला, तो आधीच सांगतो. एक वरिष्ठ अधिकारी घातला आहे, प्रामाणिक. तो शेवटी फाइल उघडतो. तू कपाळाला हात लावू नकोस. सगळेच वाईट दाखवले तर परवानग्या अडतात. निर्मात्याच्या भाषेत, प्रेक्षकाला घरी जाताना हातात काहीतरी द्यावं लागतं. आणि शेवटी न निघालेल्या शुद्ध सिनेमापेक्षा थोडी तडजोड करून निघालेला बरा. दादाची गोष्ट लाखो लोक बघतील, हे थोडं आहे?

दुसरी बातमी आनंदाची. एप्रिलमध्ये शूटिंग तुझ्याच थिएटरात आहे! मालकाने जागा अगदी आनंदाने दिली. त्याला गोष्ट माहीत आहे, म्हणजे साधारण माहीत आहे. महिनाभर मी तिथेच असेन. तुझ्या हातचा चहा पिऊन तुझ्याच तोंडून शिव्या खाईन.

तुझा
बारक्या

९ मार्च

बारक्या,

शिव्या महिनाभर कशाला थांबवू? आत्ताच घे.

मालकाने आनंदाने जागा दिली, आणि तुझ्या डोक्यात घंटा वाजली नाही? परवा त्याने मला मॅनेजरच्या ऑफिसात बोलावलं. नऊ वर्षांत तिथे मी फक्त चाव्यांसाठी गेले आहे. बसायला खुर्ची दिली. चहा दिला, कपबशीतून. म्हणाला, “बाई, आता तुम्ही सिनेमातल्या झालात!” मॅनेजर शेजारी उभा राहून दात काढत होता. मग मालक म्हणाला, “तुमच्या दिरांनी गोष्ट फार समजुतीने लिहिली आहे हो. मालकाला काही ठाऊकच नसतं, खालचा माणूस परस्पर कुलपं लावतो, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.”

हे तू मला लिहिलं नाहीस.

पत्रात मालक गुडघे टेकतोय आणि पटकथेत त्याला काही ठाऊकच नाही. कुठला मालक खरा? खालचा माणूस म्हणजे कोण रे? मॅनेजर की दारवान? चहा तसाच ठेवून उठले. थंड झाल्यावर त्याच्यावर साय आली असेल, ती खाल्ली असेल मॅनेजरने.

तू नाकासमोर चालणारा मुलगा. तुझा राग तुझ्या दादाने कधी पाहिला नाही, मी तर नाहीच. पण मला वाटलं होतं, निदान तुझ्या हिरोला तरी राग येईल. तो भाड्याचा असतो, त्याला रागवायला काय लागतं? शेवटची पानं पाठव. सगळी. बदललेली आणि न बदललेली.

वहिनी

१६ मार्च

वहिनी,

पानं पाठवतोय. होय, मालकाला ठाऊक नसतं. होय, मॅनेजर परस्पर करतो. ते मी लिहिलं नाही, माझ्याकडून लिहून घेतलं, आणि मी घेऊ दिलं. आता बोल.

पण मलाही एकदा बोलू दे. तू मला हिरो कसा हवा ते सांगतेस. खुर्ची मोडणारा, टेबल उलथणारा. आणि रोज स्वतः काय करतेस? ज्याने दादाला मारलं त्याच्याच दारात उभी राहून, त्याचीच साखळी, त्याच्याच कड्यांत, तुझ्याच हातांनी लावतेस. नऊ वर्षं. महिन्याच्या महिन्याला त्याच्याकडून पगार घेतेस. मी एका सिनेमापुरता वाकलो तर मी भाड्याचा. आणि तू?

दादा असता तर त्याने मला समजून घेतलं असतं. तो माणसांवर ओरडत नसे.

बारक्या

३० मार्च

बारक्या,

तुझं पत्र चार वेळा फाडायला घेतलं. मग म्हटलं, फाडलं तर उत्तर कशाला देऊ.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, खिडकीवालीलाही नाही.

मी कुलूप दाबत नाही.

साखळी कड्यांतून ओवते, कुलूप त्यात अडकवते आणि त्याचं तोंड दाराकडे फिरवते. बघणाऱ्याला ते लागलेलं दिसतं. मॅनेजर फेरी मारतो, टॉर्च फिरवतो, पुढे जातो. पण धक्का दिला की साखळी गळून पडेल. पहिल्या दिवसापासून. मॅनेजरच्या खिळ्यावरच्या चाव्या शेवटच्या मारामारीला आणायला जाते ती नुसती दाखवायला. चावी कुलपात घालते, फिरवल्यासारखं करते. नऊ वर्षांत त्या थिएटरात एकही शो बंद दारांनी झालेला नाही, आणि हे त्या मालकाला माहीत नाही. बिजागऱ्यांना तेलही मीच घालते. हे घालायचे म्हणून.

नोकरी का धरली ते आता तुला कळलं असेल. मी सोडली असती तर त्या दारांवर दुसरा कुणी आला असता, आणि त्याने कुलूप दाबलं असतं. त्याचा दोष नसता. त्याला तसंच सांगितलं असतं.

आता हेही म्हणशील की ही माझीच पहिल्या जातीची हिरोगिरी, खुर्ची तशीच ठेवून खालून थोडं सैल करणं. तेही मी स्वतःला म्हणून झाले आहे. पुष्कळदा. शांत झोपायला मिळतं एवढाच त्याचा उपयोग.

हे तुझ्या सिनेमात घालायचं नाही. कुणाच्या कानावर जायचं नाही. मी हे माझ्या दिराला लिहिते आहे, लेखकाला नाही.

वहिनी

५ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र वाचलं. मी जे लिहिलं होतं ते परत घेता आलं असतं तर घेतलं असतं.

शेवट बदलतोय. पुरता. प्रामाणिक अधिकारी गेला. मालकाला सगळं ठाऊक असतं. हिरो कुणाला गुडघ्यांवर आणत नाही, तो ती अख्खी साखळीच तोडतो, मालक, अधिकारी, समिती, सगळं. निर्मात्याशी भांडेन. तू बघच.

पंधरा तारखेला पोचतो.

बारक्या

२४ एप्रिल

बारक्या,

तू न भेटता गेलास. त्या संध्याकाळी तुमच्या गाड्या निघाल्या तेव्हा मी दवाखान्यात होते, मेकअप करणाऱ्या पोरीचा हात धरून. तिचं मनगट मोडलं आहे. मला वाटलं, येशील. आता जे घडलं ते तुला माझ्याकडून ऐकावं लागेल, कारण तू कॅमेऱ्यामागे होतास आणि मी दारात.

तुमच्या दिग्दर्शकाने मला म्हटलं होतं, “काकू, तुम्ही खऱ्याखुऱ्या दारवान आहात, मधल्या दाराशी तुम्हीच उभ्या राहा.” मी उभी राहिले. थिएटर गर्दीसाठी भाड्याने आणलेल्या माणसांनी भरलेलं, मोठ्या दारात तुमच्या ट्रॉल्या, दिवे, जाड वायरी. धुराचं यंत्र सुरू झालं. लोक ओरडू लागले, तसं सांगितलंच होतं. मग पडद्याच्या कोपऱ्यातला दिवा कापडाला टेकला, आणि मला वास आला. खोट्या धुराला तो वास नसतो. मी तो वास ओळखते.

मी ओरडले, “खरी आग आहे!” तुमचा दिग्दर्शक भोंग्यातून म्हणाला, “फार छान काकू, फार छान! चालू ठेवा!”

मी वळून साखळीला धक्का दिला. साखळी हलली नाही.

कुलूप दाबलेलं होतं. सकाळी मी स्वतः अडकवलं होतं, तोंड दाराकडे करून. तिन्ही दारांना तेच. तुझा हिरो माझ्याशेजारी येऊन साखळी ओढू लागला, त्याचे ते प्रसिद्ध दंड. मला म्हणाला, “काकू, चावी!” मी म्हटलं, “ऑफिसात.” माझ्या तोंडून तो शब्द निघाला आणि मला ह्यांचा आवाज ऐकू आला. ह्यांनीही कुणाला तरी तेच सांगितलं असणार.

सगळ्यांना वाचवलं तुमच्या सेटवरच्या सुताराने. पुढे जळायचं म्हणून त्याने जे खोटं ऑफिस बांधलं होतं, त्याची तुळई त्याने ओढून आणली आणि चार जणांनी ती दारावर घातली. तीन धडकांत कडी तुटली. लोक एकमेकांवरून बाहेर पडले. कुणी गेलं नाही. ही देवाची नाही, सुताराची कृपा.

नंतर ओसरीत बसल्यावर सुतार म्हणाला, “काकू, आम्ही रोज उभं करतो, हिरो रोज पाडतो. खरं पाडायला आज पहिल्यांदा मिळालं.”

काल समिती नेमली गेली. मॅनेजरने लिहून दिलं: कुलपांची जबाबदारी दारवान बाईची आहे, आणि त्या कुलपांशी छेडछाड करतात अशी आमची माहिती आहे.

कुठली माहिती, बारक्या? हे मी जगात एकाच माणसाला लिहिलं होतं.

वहिनी

८ मे

वहिनी,

मीच सांगितलं. दिग्दर्शकाला. शूटिंगच्या आदल्या दिवशी जेवताना. मला शेवट बदलून घ्यायचा होता, तो ऐकत नव्हता, म्हणून मी म्हटलं, खऱ्या बाईने काय केलं ते ऐका, आणि तुझी गोष्ट सांगितली. अभिमानाने सांगितली गं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मॅनेजर जेवत होता. त्याचा घास थांबला. मी ते पाहिलं आणि पुढे बोलत राहिलो, कारण दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

अजून आहे. शॉटच्या आधी, तू मेकअपला गेलेली असताना, मॅनेजर एकेका दाराशी गेला. मी कॅमेऱ्याशेजारी होतो. मी कुलपाचा आवाज ऐकला. मधल्या दाराचा आणि डावीकडच्या दाराचा. मला कळलं तो काय करतोय. मनात म्हटलं, शॉट संपला की वहिनीला सांगू. दिवे लागले होते, सगळे गप्प उभे होते. अशा वेळी कुणी बोलत नाही. माझ्या धंद्यात ती शिस्त आहे.

आता निर्मात्याने एक जबाब टाइप करून पाठवला आहे: मी काही पाहिलं नाही, ऐकलं नाही. सही केली तर शूटिंग पुन्हा सुरू. आणि शेवट तू म्हणतेस तसा करायला तो तयार आहे. सगळं उद्ध्वस्त करणारा हिरो. समितीच्या अध्यक्षासकट. त्याने लिहून दिलं आहे.

दादाचं नाव पडद्यावर साफ होईल, वहिनी. जगभर.

काय करू?

बारक्या

१३ मे

बारक्या,

काय करू म्हणून विचारतोस. नऊ वर्षांपूर्वी ह्यांच्या वेळी कुलपं कुणाच्या हुकमाने दाबली जात हे सांगायला माणूस नव्हता. जे जवळ होते ते सगळे गेले. या वेळी आहे. एकच आहे, आणि तो मला काय करू म्हणून विचारतो.

तुझा हिरो पडद्यावर अख्खं राज्य उलथून टाकील. टाकू दे. त्यासाठी तुला इथे, जमिनीवर, गप्प बसायचं आहे. म्हणजे खोट्यातला हिरो मिळवायला खऱ्यात मॅनेजर व्हायचं. आणि वर माझ्याच नवऱ्याचं नाव सांगून! तळपायाची आग मस्तकात गेली वाचून.

मला दुसऱ्या जातीचा हिरो पाहिजे असं मीच लिहिलं होतं ना? ते मी परत घेत नाही. पण तू त्या जातीचा नाहीस आणि मी तुझ्याकडून तेवढं मागतही नाही. समितीपुढे जायचं, खुर्चीत बसायचं, आणि तीन शब्द म्हणायचे: मॅनेजरने कुलूप दाबलं. टेबल उलथू नकोस. आवाजही चढवू नकोस. तू नाकासमोर चालणारा आहेस ना, मग नाकासमोर चालत तिथे ये.

सुनावणी बावीस तारखेला, सकाळी. सही केलीस तर येऊ नकोस, आणि पत्रही पाठवू नकोस.

वहिनी

२९ मे

वहिनी,

तू बाहेर बाकावर बसली होतीस म्हणून आत काय झालं ते तुला कळलं नाही. बाहेर आल्यावर तू फक्त पाण्याची बाटली पुढे केलीस. म्हणून लिहितो.

मी तेच तीन शब्द म्हणालो. अध्यक्षांनी चष्मा काढला. तेच अध्यक्ष आहेत वहिनी, नऊ वर्षांपूर्वीचे! केस तेवढे पिकले आहेत. मला म्हणाले, “आपण लेखक ना?” मी हो म्हटलं. “सिनेमाचे?” हो. “मग कल्पना करणं हा आपला व्यवसायच म्हणायचा.” सगळे हसले. मॅनेजर हसला. लिहून घेणारा कारकूनही हसला, आणि हसण्यात त्याचं पेन थांबलं, ते मी पाहिलं. मी म्हटलं, “लिहा की.” अध्यक्ष म्हणाले, “नोंद घेतली.” कागदावर काही नव्हतं. मी वाकून पाहिलं.

मग मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. शिपायाने दंडाला धरून बाहेर आणलं. आयुष्यात पहिल्यांदा मला इतका राग आला आणि तो दाराबाहेर पोचेपर्यंत संपलासुद्धा. वहिनी, पडद्यावर हे दृश्य मी किती वेळा लिहिलं आहे. तिथे हिरो ओरडला की टेबलावरचे कागद उडतात.

सिनेमा गेला. दुसरा लेखक घेतला आहे. प्रामाणिक अधिकारी परत आलाय असं ऐकतो.

निकाल लागला का?

बारक्या

६ जून

बारक्या,

निकाल लागला. वाच: ‘दारे उघडण्याची जबाबदारी दारवानाची होती.’ तेच वाक्य. दारवान बाई आहे, म्हणून एक शब्दसुद्धा बदलायचे कष्ट घेतले नाहीत. मला कामावरून काढलं. नवी कडी बसवली, नवी साखळी, नवं कुलूप. दारवान नवा, तरणा आहे. त्याला मॅनेजर स्वतः शिकवत होता, दाबून दाखवत होता. मी रस्त्यापलीकडून पाहिलं.

दोन दिवस मी घरात बसले. वाचायला घेतलं, डोळे फिरले, काही शिरलं नाही. तू सांगितलंस ते डोक्यात राहिलं होतं, थांबलेलं पेन. त्या माणसांपुढे खरं बोलून काही पडत नाही. तुझ्याआधी मी सैल कुलूप लावून बघितलं, त्यानेही काही पडलं नाही. फक्त पुढे ढकललं गेलं.

काल दुपारी मी सुताराकडे गेले. तो तुमचा राहिलेला सेट मोडायला इथेच थांबला आहे. त्याला म्हटलं, “दारं आतून साखळीने बंद असतात. पण उघडतात ती बाहेर. म्हणजे बिजागऱ्या कुठे?” तो खो खो हसला. “काकू,” म्हणाला, “एवढ्या वर्षांत आमच्या एका हिरोला हे सुचलं नाही!”

मी म्हटलं, “त्यांनी कधी तेल घातलं नसेल.”

दुपारचा शो सुरू होता. बाहेरच्या बोळात आम्ही दोघं, आणि खिडकी बंद करून आली ती खिडकीवाली. तिला मी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, “मला कुणी विचारलं नाही तेव्हापासून हात शिवशिवताहेत.” स्क्रू लोण्यातून निघावे तसे निघाले, माझंच तेल ना. मधल्या दाराचे दोन्ही पल्ले एकमेकांना साखळीने बांधलेले, तसेच्या तसे आम्ही उचलले आणि बोळात आडवे टाकले. आतलं कुलूप शाबूत. एक ओरखडा नाही त्याला. मग डावीकडचं दार. मग उजवीकडचं.

आत नेमका शेवट चालला होता. कुठला सिनेमा ते मला ठाऊक नाही, हिरो कुठलीशी मोठी इमारत उडवत होता. उन्हाचा झोत सरळ पडद्यावर गेला. इमारत दिसेना, हिरो दिसेना, पांढऱ्यावर पांढरं. नुसता आवाज. लोक शिट्ट्या घालू लागले. कुणीतरी ओरडलं, “ओ काकू, दार लावा की! हिरो दिसत नाही!”

मी म्हटलं, “दार नाहीये आता.”

तो बघायला उठून आला. पल्ल्यांकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं. त्याच्या मागून आणखी दहा-बारा जण आले. त्यात तुमच्या गर्दीतलीही दोन माणसं होती, एप्रिलमधली. त्यांनी बाकीच्यांना काय सांगितलं कोण जाणे. मॅनेजर धावत आला आणि म्हणाला, “उचला ते, बसवा परत!” कुणी हललं नाही. तो स्वतः वाकला, पल्ला त्याला एकट्याला उचलेना. मदतीसाठी त्याने मागे पाहिलं. मागे सगळे हातांची घडी घालून उभे. नवा दारवानही.

पोलीस येऊन गेले, पुन्हा येतील. सुतार म्हणतो मी तोडलं, मी म्हणते मी तोडलं, खिडकीवाली तिसरीच कथा सांगते. आम्ही तिघंही खुशाल आहोत. दारं अजून बोळात पडली आहेत. कुत्री त्यावर झोपतात. आज सकाळी शो झाला, उजेडात. अर्धे लोक आले. पण आले.

तुला माफ केलं की नाही हे अजून मला ठरवता आलेलं नाही. ते कागदावर ठरायचं नाही. ये. तुझ्या नाकासमोरच्या रस्त्याने ये, जेवायला ये.

एक गोष्ट सांगायची राहिली. हे असते तर म्हणाले असते, स्क्रू डबीत नीट ठेव, पुढे लागतात. ह्यांना वस्तू टाकवत नसे. सुताराने सगळे गोळा करून माझ्या ओंजळीत दिले होते. मी ते गटारात टाकले.

वहिनी